फुलांची परीक्षा

कॉलेजात आमच्या वर्गात एका सीनियरच्या मराठी नोट्स फिरायच्या. त्यात आनुवंशिकतेच्या प्रकरणात एक वाक्य होतं – ‘बेटसन व पनेट यांनी गोड वाटाण्यावर प्रयोग केले.’ निम्मा वर्ग ते मटार समजूनच पाठ करायचा. मेंडेलचा वाटाणा आधी येऊन गेलेला, त्यामुळे हा त्याचाच चुलतभाऊ असणार, उसळीला जरा जास्त चांगला!

तर हा गोड वाटाणा म्हणजे स्वीट पी. पुण्यात थंडीच्या सुरुवातीला नर्सरीत ज्याच्या बियांची पाकिटं मिळतात, ऑक्टोबरात पेरला की जानेवारी-फेब्रुवारीत फुलतो आणि मार्चचं ऊन लागलं की मान टाकतो, तो नाजूक वेल. शास्त्रीय नाव लॅथिरस ओडोरॅटस. ओडोरॅटस म्हणजे सुवासिक. इंग्रजीतलं ‘स्वीट’ हे त्या वासाचं आहे, चवीचं नाही. किंबहुना याच्या बिया विषारी, चुकूनही तोंडात घालू नयेत अशा. आपल्या विदर्भातली लाखोळी याच लॅथिरस कुळातली. तिच्या डाळीवरून किती दशकं वाद चालला ते तुम्हाला माहीत असेलच. असो, तो विषय वेगळा.

मला या फुलाबद्दल कुतूहल वाटायला लागलं ते फुलापेक्षा त्याच्या परीक्षेमुळे. एखाद्याने नवीन वाण काढला म्हणजे नेमकं काय केलं? आणि तो ‘नवीन’ आहे, ‘चांगला’ आहे, हे ठरवायचं कुणी? आज बियाण्याच्या प्रत्येक पाकिटामागे हे प्रश्न असतात. पण स्वीट पीच्या बाबतीत ते फार लवकर आणि फार गमतीशीर पद्धतीने विचारले गेले. आणि तेही एका फुलासाठी, ज्याच्यावर कुणाचं पोट अवलंबून नव्हतं.

सिसिलीहून आलेलं जांभळं फूल

सिसिली बेटावर फ्रान्सिस्कस कुपानी नावाचा एक धर्मगुरू होता, झाडापानांचा नादिष्ट. त्याने सतराव्या शतकाच्या शेवटी या रानवेलीची नोंद केली आणि १६९९ साली तिच्या बिया इंग्लंडमध्ये एनफील्डच्या रॉबर्ट युव्हडेल नावाच्या शाळामास्तरांना पाठवल्या. फूल लहानसं, मागची पाकळी तपकिरी-जांभळी, पुढचे पंख जरा निळसर जांभळे. एका दांड्यावर दोन-तीनच फुलं. पण वास असा की खोली भरून जावी.

पुढची जवळजवळ दोनशे वर्षं या फुलाच्या आयुष्यात फारसं काही घडलं नाही. मध्येच कुठेतरी गुलाबी-पांढरं ‘पेंटेड लेडी’ निपजलं. १७९३ च्या सुमाराला लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवरच्या जॉन मेसन या बियाणेवाल्याच्या यादीत पाच प्रकार दिसतात – काळा, जांभळा, शेंदरी, पांढरा आणि पेंटेड लेडी. म्हणजे शंभर वर्षांत पाच. त्यातला ‘काळा’ काळा नव्हता आणि ‘शेंदरी’ शेंदरी नव्हता, हे आलंच. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा, ही परंपरा बियाण्याच्या धंद्यात तेव्हापासून आहे.

इतका वेळ का लागला? कारण हे फूल स्वतःचं लग्न स्वतःशीच लावून घेतं. याच्या खालच्या दोन पाकळ्या होडीसारख्या मिटलेल्या असतात आणि त्यांच्या आत, फूल उमलायच्या आधीच, परागकण स्त्रीकेसरावर पडून मोकळे झालेले असतात. मधमाशी येते तोवर समारंभ आटोपलेला! त्यामुळे आई जशी तशीच लेक, पिढ्यान् पिढ्या. हे चाचणी घेणाऱ्याच्या दृष्टीने वरदान (वाण शुद्ध राहतो), पण नवीन काही हवं असेल तर शाप.

वेमचा हेन्री एकफर्ड

हा शाप उतरवला तो हेन्री एकफर्डने. जन्म १८२३, स्कॉटलंड. आयुष्यभर बड्या लोकांच्या बागांमध्ये माळी. १८७० च्या दशकात, पन्नाशीच्या आसपास, ग्लॉस्टरशरमध्ये डॉ. सँकी नावाच्या एका डॉक्टरकडे नोकरीला असताना त्याने स्वीट पी हातात घेतला. डॉक्टरांना स्वतःलाही झाडांच्या संकरात रस होता, त्यामुळे माळ्याला मोकळीक होती.

संकर करायचा म्हणजे काय करायचं, ते जरा सविस्तर सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. कळी अगदी कच्ची असताना तिची होडी अलगद उघडायची. आतले दहाच्या दहा परागकोश चिमट्याने काढून टाकायचे. एखादा दिवस थांबून दुसऱ्या वाणाचे पराग तिथे टेकवायचे. शेंग धरली तर त्यात मूठभरही नाही, जेमतेम काही बिया. पहिल्या पिढीतली सगळी झाडं एकसारखी दिसतात. दुसऱ्या पिढीत मात्र पत्ते पिसल्यासारखे गुण बाहेर पडतात. त्यातलं एखादं झाड आवडलं तर त्याचंच बी पुन्हा पेरायचं. त्यातली वेगळी निघालेली झाडं उपटून टाकायची. परत पेरायचं. असं पाच-सहा वर्षं केलं की मग म्हणायचं, हा वाण ‘स्थिरावला’. आणि वर्षाला पीक एकच.

एकफर्डला १८८२ साली ‘ब्राँझ प्रिन्स’ या वाणासाठी रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीचं पहिल्या दर्जाचं प्रमाणपत्र मिळालं. १८८८ मध्ये तो श्रॉपशरमधल्या वेम या छोट्या गावात गेला आणि तिथेच कायमचा राहिला. त्याची फुलं मोठी, दांडे लांब, रंग स्वच्छ. त्यांना ‘ग्रँडिफ्लोरा’ म्हणायला लागले. १९०० साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये स्वीट पीच्या इंग्लंडप्रवेशाची द्विशताब्दी साजरी झाली, तेव्हा तिथल्या २६४ वाणांपैकी ११५ एकट्या एकफर्डचे होते. आधीच्या शंभर वर्षांत पाच आणि आता एका माणसाचे ११५!

एका माळेचे मणी

पण इथेच घोळ सुरू झाला.

२६४ वाण म्हणजे २६४ वेगळी फुलं का? तर नाही. प्रत्येक बियाणेवाला आपल्या शेतातली जराशी गडद गुलाबी छटा पाहायचा, तिला कुठल्यातरी सरदारपत्नीचं नाव द्यायचा आणि कॅटलॉगमध्ये टाकायचा. दुसऱ्या गावातल्या बियाणेवाल्याने तेच फूल दुसऱ्या नावाने विकायला काढलेलं असायचं. पैसे मोजणाऱ्याला दोन्ही पाकिटांतून एकच फूल. यात दरवेळी लबाडीच होती असं नाही. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हा नियम फुलांनाही लागू आहे. ज्याने सहा वर्षं एखादा वेल जपला, त्याला तो जगातल्या इतर सगळ्या वेलींपेक्षा वेगळा दिसणारच. डोळे त्याचेच ना!

म्हणून त्याच १९०० साली नॅशनल स्वीट पी सोसायटी निघाली. फुलांचं कौतुक करायला माणसं जमली, आणि लगेचच त्यांच्या लक्षात आलं की कौतुकाआधी छाननी लागते. मग सोसायटीने एक यादी छापायला सुरुवात केली, जिचं शीर्षक मला अजूनही हसवतं – ‘फारच सारखे’ वाण. एका कंसात तीन-चार नावं घातलेली. स्पर्धेत एका मांडणीत त्यातलं एकच ठेवायचं. म्हणजे एकच फूल चार नावांनी मांडून आपला संग्रह फुगवायचा नाही. कल्पना करा, तुम्ही हौसेने बायकोचं नाव दिलेला वाण, आणि सोसायटीने तो तिघांच्या कंसात कोंबलाय. किती माणसं दुखावली असतील!

पण कंस घालायचा म्हणजे पुरावा हवा. आठवणीवर रंग ठरवता येत नाही. वेममध्ये जूनच्या ढगाळ सकाळी पाहिलेलं फूल आणि केंटमध्ये जुलैच्या उन्हात पाहिलेलं फूल यांची तुलना होऊ शकत नाही. एकाच जमिनीत, एकाच दिवशी, शेजारी-शेजारी लावूनच पाहायला हवं. यालाच चाचणी म्हणतात.

चाचणी म्हणजे काय

ऐकायला हे फार साधं वाटतं. वाण काढणाऱ्याने थोडं बी पाठवायचं. चाचणीच्या जागेवर प्रत्येक वाणाला तेवढीच जागा, तेवढीच झाडं, तेच खत, तोच आधार. फळीवर वाणाचं नाव नाही, फक्त क्रमांक. आणि शेजारच्या ओळीत त्याच रंगाचा जुना, सर्वमान्य वाण, तुलनेसाठी. परीक्षक हंगामात एकदा नाही, अनेकदा येतात. पहिल्या फेरीत जे फूल डोळ्यांत भरतं ते तिसऱ्या फेरीत फिकटलेलं असू शकतं. नारिंगी-शेंदरी छटांना तर इंग्लंडचं ऊनसुद्धा सोसत नसे, कडा करपायच्या. प्रदर्शनवाले त्यावर सावली धरून वेळ मारून नेत. चाचणीत सावली कोण धरणार?

परीक्षक बघतात काय? रंग स्वच्छ आहे का, की त्यात दुसऱ्या छटेची रेघ आहे. मागची पाकळी ताठ उभी राहते का. एका दांड्यावर चार फुलं नियमाने येतात का, की दोन-तीनवरच दमतात. त्यांची बसण्याची ठेवण कशी आहे, एकमेकांवर चढलीयत का. दांडा लांब आणि सरळ आहे का. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ओळीतली सगळी झाडं एकसारखी आहेत का. वीस झाडांत एक जरी भलत्याच रंगाचं निघालं तर तो वाण अजून स्थिरावलेला नाही. एक वर्ष थांबा, परत पाठवा.

रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीला हे काम नवीन नव्हतं. लंडनजवळच्या चिझिकच्या बागेत एकोणिसाव्या शतकात भाज्यांच्या, फळांच्या, फुलांच्या अशा चाचण्या चालायच्या. १९०३ मध्ये सोसायटीला विझलीची जागा मिळाली आणि हे काम तिकडे गेलं. १९२२ पासून ‘अवॉर्ड ऑफ गार्डन मेरिट’ सुरू झालं. त्याचा रोख मला आवडतो. फूल प्रदर्शनाच्या फुलदाणीत कसं दिसतं यापेक्षा साध्या माणसाच्या साध्या बागेत ते नीट वाढतं का, रोगाला बळी पडत नाही ना, बाजारात मिळतं का, हे तिथे पाहतात. अमेरिकेतही १९०९ साली स्वीट पी सोसायटी निघाली आणि कॉर्नेल विद्यापीठात शेकडो वाण लावून त्यांची वर्गवारी करण्याचा उद्योग झाला.

या सगळ्यात मला भावतं ते एवढंच – चाचणीच्या जमिनीला तुमच्या कष्टांची माहिती नसते. तुम्ही किती वर्षं घालवलीत, कुणाचं नाव दिलंत, तिला काही ठाऊक नाही. तिच्या लेखी तुम्ही क्रमांक सत्तेचाळीस.

लाडकी काउंटेस

याची कसोटी लगेचच लागली. १९०१ साली सोसायटीच्या प्रदर्शनात सायलस कोल या माळ्याने एक गुलाबी फूल मांडलं आणि बघणारे थक्क झाले. तोवरच्या फुलांच्या पाकळ्या सपाट किंवा किंचित आत वळलेल्या. ह्याची पाकळी मोठी आणि काठाला नऊवारीच्या निऱ्यांसारखी लहरणारी. कोल हा ऑल्थॉर्पच्या अर्ल स्पेन्सरच्या पदरी होता. (हो, तेच स्पेन्सर घराणं, प्रिन्सेस डायनाचं माहेर.) फुलाचं नाव अर्थातच ‘काउंटेस स्पेन्सर’. 

कोलचं म्हणणं, आपण संकर करून हे मिळवलं. पण त्याच सुमाराला अगदी अशीच लहरी फुलं दुसरीकडेही दिसली होती. केंब्रिजजवळच्या हिस्टन गावात डब्ल्यू. जे. अनविन नावाच्या वाणसामानाच्या दुकानदाराला, आणि तीही एकफर्डच्याच ‘प्रिमा डॉना’ या वाणाच्या झाडांत. म्हणजे निसर्गानेच एकापेक्षा जास्त ठिकाणी तोच बदल घडवला असावा, असं पुढे बहुतेकांचं मत झालं.

१९०४ साली रॉबर्ट सिडनहॅमने ‘काउंटेस स्पेन्सर’चं बी विकायला काढलं. लोकांनी ते उत्साहाने पेरलं. आणि उगवलं काय? गुलाबी, लाल, पांढरं, जांभळं, वाट्टेल ते. काउंटेस होती देखणी, पण स्थिर नव्हती. उलट अनविनचं फूल, ज्याला त्याने आपल्या लेकीचं नाव दिलं, ‘ग्लॅडिस अनविन’, ते जरा कमी लहरदार, पण बी पेरलं की तेच फूल यायचं. त्या एका गुणावर दुकानदाराची बियाण्याची पेढी उभी राहिली आणि पुढे पिढ्यान् पिढ्या चालली.

इथे गोष्टीला एक सुंदर वळण आहे. काउंटेसच्या बियांतून असे भलते रंग का निघाले, याचं उत्तर त्याच वर्षांत, हिस्टनपासून काही मैलांवर शोधलं जात होतं. हिस्टन केंब्रिजच्या उत्तरेला. केंब्रिजच्या दक्षिणेला ग्रँटचेस्टर गावात विल्यम बेटसन राहत होता.

दोन पांढऱ्यांचं जांभळं

आमच्या नोट्समधला ‘गोड वाटाणा’ तो हाच. बेटसन, एडिथ सॉन्डर्स आणि रेजिनाल्ड पनेट यांनी दोन शुद्ध पांढऱ्या स्वीट पींचा संकर केला. दोन्हीकडे पांढरेच आईबाप. पोरं मात्र सगळी जांभळी! दोनशे वर्षांपूर्वी कुपानीने सिसिलीहून पाठवलेल्या फुलासारखी. आणि त्या जांभळ्यांची पुढची पिढी पेरली तर दर सोळामागे नऊ रंगीत आणि सात पांढरी.

उलगडा असा की रंग बनायला दोन घटक लागतात. एकाकडे कुलूप आहे, किल्ली नाही. दुसऱ्याकडे किल्ली आहे, कुलूप नाही. दोघेही पांढरे, पण वेगवेगळ्या कारणांनी. एकत्र आले की दार उघडतं आणि पणजोबा बाहेर येतो. माळ्यांना ‘जात उलटली’ असं वाटायचं, त्याचा हा हिशोब.

पुढे त्यांनी जांभळं फूल-लांबट पराग आणि लाल फूल-गोल पराग अशी जोडी घेतली. दुसऱ्या पिढीत ६९५२ झाडं मोजली. मेंडेलच्या हिशोबाने चारही जोड्या ९:३:३:१ याच प्रमाणात यायला हव्या होत्या. आली ती अशी – ४८३१ जांभळी-लांब, ३९० जांभळी-गोल, ३९३ लाल-लांब, १३३८ लाल-गोल. म्हणजे आजोबांच्या जोड्या एकमेकांचा हात सोडायला तयार नव्हत्या. गुण एकमेकांना बांधलेले असू शकतात, याचा हा पहिला ठोस पुरावा. ते का बांधलेले असतात हे मात्र बेटसनला नीट उलगडलं नाही. ते १९११ च्या सुमाराला फळमाश्या पाळणाऱ्या मॉर्गनने सांगितलं, की हे घटक एकाच गुणसूत्रावर शेजारी बसलेले असतात.

परागाचा आकार पाहायचा म्हणजे सूक्ष्मदर्शक हवा. ६९५२ झाडांचे पराग! मला यात वैज्ञानिक आणि चाचणीचा परीक्षक एकच माणूस दिसतो. दोघेही मत देण्याआधी मोजतात.

हजार पौंडांचा गुच्छ

आता चाचणीच्या बरोबर उलटी गोष्ट. १९११ साली ‘डेली मेल’ने स्वीट पीच्या सर्वोत्तम गुच्छाला हजार पौंडांचं बक्षीस लावलं. साध्या मजुराला वर्षाकाठी शंभर पौंडही मिळत नसत, त्या काळात. पस्तीस हजारांहून जास्त गुच्छ क्रिस्टल पॅलेसकडे निघाले. आगगाड्या भरून फुलं, आणि तेही त्या वर्षीच्या भाजून काढणाऱ्या उन्हाळ्यात. पहिलं बक्षीस मिळालं स्कॉटलंडच्या सीमेवरच्या स्प्राउस्टन गावच्या पाद्र्यांच्या पत्नीला, मिसेस डेनहोम फ्रेझर यांना. आणि तिसरं, पन्नास पौंडांचं, खुद्द पाद्रीबुवांना! त्यांना आपल्या चर्चच्या बांधकामासाठी पैसे हवे होते, म्हणून हा खटाटोप.

गोष्ट छानच आहे. पण ही परीक्षा कशाची होती? एका दिवसाची. त्या दिवशी कोणाची फुलं ताजी राहिली त्याची, आणि वाढवणाऱ्याच्या हातोटीची. प्रदर्शनासाठी स्वीट पी वाढवतात ते एका काठीवर एकच दांडा ठेवून, सगळे ताणे आणि बगलफुटी रोजच्या रोज खुडून. सगळी ताकद चार फुलांत. त्यात कौशल्य आहे यात शंका नाही. पण त्यातून वाणाबद्दल फार काही कळत नाही. प्रदर्शन माळ्याची परीक्षा घेतं, चाचणी बियाण्याची. या दोन परीक्षांची गल्लत झाली की काय होतं, ते आपण आपल्या शाळांमध्ये पाहतोच!

गुणपत्रिकेत नसलेला विषय

आता माझ्या मनात सलणारा मुद्दा.

स्पेन्सर जातीची लहरी फुलं जिंकली. मोठा आकार, लांब दांडा, चार-चार फुलं, निऱ्या. प्रदर्शनांचे आणि चाचण्यांचे निकष याच गोष्टींभोवती फिरत राहिले आणि वाण काढणारे तेच निवडत राहिले, ते साहजिकच होतं. ज्या गोष्टीला गुण, तिचा अभ्यास. मध्ये हळूच मागे पडला तो वास. म्हणजे ज्या एका गोष्टीसाठी कुपानीने बिया पाठवल्या असतील, जी याच्या लॅटिन नावात आहे, इंग्रजी नावात आहे, तीच. स्पेन्सर जातीतही काही सुवासिक वाण आहेत, अन्याय करायला नको. पण जुन्या लहान फुलांशेजारी ते बहुधा फिकेच पडतात.

यात कुणी खलनायक नाही. वास मोजायचा कसा? दांड्याला पट्टी लावता येते, फुलं मोजता येतात. वास सकाळी वेगळा, दुपारी वेगळा, पावसानंतर नाहीच. ओळीत दहा फुलं हुंगली की अकराव्याला नाक थकलेलं असतं. शिवाय दोन परीक्षकांची नाकं एकसारखी नसतात. त्यामुळे प्रामाणिक परीक्षकाने तो विषय बाजूला ठेवला. आणि बाजूला ठेवलेली गोष्ट पिढ्यान् पिढ्या कुणी निवडली नाही की ती विरत जाते. कुणी ती काढून टाकलेली नसते, तरी.

सुदैवाने जुने वाण पुरते मेले नाहीत. काही हौशी लोकांनी ते आपापल्या परसात जपले आणि विसाव्या शतकाच्या शेवटी ‘कुपानी’, ‘मातुकाना’, ‘पेंटेड लेडी’ ही नावं कॅटलॉगमध्ये पुन्हा मानाने दिसू लागली. परीक्षेत नापास झालेल्यांना कुणीतरी घरी ठेवून घेतलं होतं, एवढाच त्याचा अर्थ. 

कुणाचं फूल?

परीक्षेच्या आवाक्याबाहेरची आणखी एक गोष्ट म्हणजे श्रेय. वेगळा आहे का, एकसारखा आहे का, स्थिर आहे का, हे माळ्यांचे तीन प्रश्न पुढे कायद्यात गेले. १९६१ च्या पॅरिस करारात वाणावर हक्क मिळवण्यासाठी जवळपास याच अटी आल्या आणि भारताच्या २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यातही याच चाचण्या आहेत. आपल्या कायद्याचं वैशिष्ट्य एवढं की त्यात शेतकऱ्याने जपलेल्या वाणाचीही नोंद होऊ शकते.

हे वाचताना मला चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे आठवतातच. १९८३ साली त्यांना आपल्या धानात वेगळ्याच दाण्याच्या काही लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या वेगळ्या ठेवल्या, पेरल्या, निवडल्या, पुन्हा पेरल्या. एकफर्डने केलं अगदी तेच. एका व्यापाऱ्याने तेव्हाच्या लोकप्रिय घड्याळावरून त्या तांदळाला ‘एचएमटी’ नाव दिलं. पुढे एका कृषी विद्यापीठाने त्याचीच शुद्ध केलेली आवृत्ती प्रसारित केली, आणि श्रेयाचा प्रश्न दादाजींच्या २०१८ मधल्या निधनापर्यंत लोंबकळत राहिला. सायलस कोलचंही पाहा ना. फूल माळ्याने शोधलं, नाव मालकिणीचं लागलं. अनविनचं दुकान स्वतःचं होतं, म्हणून त्याला लेकीचं नाव देता आलं. जमिनीला हा फरक कळत नाही. तिला विचारलं तर ती एवढंच सांगेल की वाण नवीन आहे. कुणाचा, ते माणसांनीच प्रामाणिकपणे लिहून ठेवायचं असतं.

तरीसुद्धा मी चाचणीच्याच बाजूचा आहे. आपल्याकडे नर्सरीत स्वीट पीचं जे पाकीट मिळतं, त्यावर बहुधा ‘मिक्स्ड’ लिहिलेलं असतं. वाण कुठला, कुणी काढला, कुणी तपासला, काही नाही. फुलाच्या बाबतीत ठीक आहे, फार तर गंमत होते. कापसाच्या किंवा सोयाबीनच्या पाकिटाबाबत तेच झालं तर घरं बसतात. दरवर्षी जूनमध्ये ‘बियाणं उगवलंच नाही’ अशा बातम्या आपण वाचतो, तेव्हा मला ती क्रमांकाची फळी आणि शेजारी लावलेला जुना वाण आठवतो. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी काही हौशी माणसांनी एका निरुपयोगी, सुंदर फुलासाठी एवढी शिस्त पाळली. आपल्या लाडक्या वेलीला त्यांनी दुसऱ्याच्या जमिनीत, नाव झाकून, उभं केलं आणि निकाल मान्य केला.

फक्त त्या जमिनीवर फिरताना परीक्षकाने मधूनच एकदा वाकून फूल हुंगावं, एवढंच माझं म्हणणं. गुण देऊ नयेत हवं तर. पण वहीत लिहून ठेवावं.